अनुलामावशीच्या दारावरचे ठिपके

पूर्वी शाल्मलीपूर नावाच्या नगरात उदयभद्र राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व गाढवाच्या पोटी जन्माला आला होता. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, पुढे फारशी जागा मिळणार नाही. हरणाच्या, हत्तीच्या, राजहंसाच्या जन्माच्या गोष्टी लोक हात जोडून ऐकतात. गाढवाचा जन्म आला की एकमेकांकडे बघतात. पण सगळे जन्म काही राजहंसाचे मिळत नाहीत.

रंग राखेसारखा म्हणून त्याचं नाव धूसर. तो कोष्ट्यांच्या आळीत राहायचा आणि पाठीवर गोणी वाहायचा. त्याला हाकणारा नंदिक हा बडबड्या, आनंदी माणूस होता. गाढवाला शिव्या देताना त्याचा आवाज फार गोड लागायचा.

आळीत एक जुनी रीत होती. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी प्रत्येक घराने मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. नंदिक गाढव घेऊन दारोदार जायचा. घरची बाई गोणीच्या तोंडात हात घालून मूठ सोडायची, आणि नंदिक तिच्या दाराच्या चौकटीवर बोटाने चुन्याचा एक ठिपका लावायचा. त्या तांदळाची पेज आळीच्या अन्नशाळेत शिजायची आणि दुपारी ज्याला गरज असेल त्याला वाढली जायची. रीत चांगली होती. ज्याने सुरू केली तो भला माणूस असणार. आपल्या माघारी लोक काय करून ठेवतील हे भल्या माणसांना कधीच दिसत नाही.

माघारी असं झालं, की लोक तांदूळ विसरले आणि ठिपके मोजायला लागले. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे आधी चौकट बघत आणि मग मुलगी. ठिपका लागणाऱ्या घरातल्या कोणी अन्नशाळेच्या रांगेत उभं राहायचं नाही, असा नियमही कधीतरी झाला. तो कोणी केला हे विचारलं, तर प्रत्येक जण दुसऱ्या घराकडे बोट दाखवायचा.

असं चाललेलं असताना उदयभद्र राजाला वैराग्याचा झटका आला. राजांना तो मधूनमधून येतो आणि बाधतो इतरांना. कोण्या तपस्व्याला झाडाच्या सालीची वल्कलं नेसलेला पाहून राजाने रेशीम सोडलं, सूतही सोडलं आणि वल्कलं गुंडाळली. मग प्रधानाने गुंडाळली, मग सेनापतीने, मग व्यापाऱ्यांनी. सगळ्या दरबाराला खाज सुटली, पण तक्रार कोण करणार? विणलेलं कापड नेसणं म्हणजे राजद्रोह नव्हे, तरी जवळपास तसंच. कोष्ट्यांच्या आळीतले माग एकामागून एक थांबले. पूर्वी सकाळी त्या आळीत शिरलं की मागांची खटखट ऐकू यायची. आता शिरलं की धूसरच्या खुरांचा आवाज यायचा, आणि तो त्यालाच नकोसा व्हायचा.

सहा महिने गेले. नवल असं, की गोणी भरतच राहिली. एकही मूठ चुकली नाही. अन्नशाळेच्या रांगेत वाटसरू आणि गोसावी दिसत. आळीतलं माणूस एकही नसे. कोठीत तांदूळ इतके साठले, की त्यांत किडे झाले.

"बघा आमची आळी!" आळीचा मुख्य पूर्णक म्हणायचा. तो कापडाचा व्यापारी होता आणि स्वतः वल्कल नेसून हिंडायचा. बोलता बोलता तो पाठ खाजवायचा. "अशा दिवसांत कोठी ओसंडते आहे. म्हणजे आमच्यात गरजू कोणी उरलाच नाही. याला म्हणतात दान!"

हे ऐकून लोक माना डोलवत. माना डोलवायला काही खावं लागत नाही.

आळीच्या टोकाला अनुला नावाची विधवा कोष्टीण राहत असे. सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या चौकटीवर चाळीस वर्षांचे ठिपके होते. पहिला ती लग्न होऊन आली त्या सकाळचा. नवरा वारला त्या दिवशीसुद्धा तिने डोळे पुसून मूठ घातली होती. धूसरवर तिचा जीव होता. तांदूळ धुतलेलं पाणी ती फेकत नसे, मातीच्या परळात घालून त्याच्यापुढे ठेवायची. ते पांढरट, गोडसर धुवण पिऊन धूसरचा दिवस सुरू व्हायचा.

एके दिवशी धुवण पातळ लागलं. काही दिवसांनी त्याला सुताचा वास यायला लागला. धूसरने कोष्ट्यांच्या आळीत जन्म काढला होता, त्याला ओळखायला वेळ लागला नाही. मागावर चढवण्याआधी सुताला तांदळाची खळ लावतात. मावशी जुनं सूत उकळून त्याची खळ पीत होती, आणि त्यातलंही थोडं गाढवाला ठेवत होती. मग एका सकाळी परळात नुसतं पाणी होतं. स्वच्छ, नदीचं.

त्या काळी जनावरं माणसांशी बोलत असत. माणसं ऐकत असत असं मात्र कुठे सांगितलेलं नाही.

नंदिक शेजारच्या दारात गप्पा मारत होता तेवढ्यात धूसर हळूच म्हणाला, "मावशी, आज तांदूळ धुतले नाहीस."

"धुतले की."

"कालही नाही, परवाही नाही."

"गाढवासारखं बोलू नकोस." मग तिलाच हसू आलं. ती चौकटीला टेकली. "खरंच रे, तू दुसरं कसं बोलणार?"

"अन्नशाळेत जा. कोठीत तांदूळ किडताहेत."

"आणि हे?" तिने ठिपक्यांवरून हात फिरवला. "तुला वासुला आठवत नसेल, तू तेव्हा नव्हतास. इथे शेजारीच राहायची. एक दिवस तिच्या चौकटीवर ठिपका पडला नाही. सगळी आळी हसली. मीही हसले, धूसर. तोंडावर पदर घेऊन हसले, पण हसले. आठ दिवसांत ती घर सोडून गेली. कुठे गेली, जगली की मेली, कोणाला ठाऊक नाही. आता माझ्यावर कोण कसं हसेल ते मला पाठ आहे. कोणाला सांगू नकोस. मरेपर्यंत ठिपका राहू दे, एवढंच."

धूसर काही बोलला नाही. मावशीला वाटलं, त्याने कबूल केलं. बोधिसत्त्व तीन दिवस गप्प राहिला. पुढे कितीतरी जन्म त्याला त्या तीन दिवसांची आठवण सुटली नाही.

चौथ्या दिवशी त्याने नंदिकला सांगितलं. "मावशीची मूठ बघ. केवढीशी झाली आहे."

"म्हातारी चिकट झाली," नंदिक हसत म्हणाला. "वयोमानाने होतं तसं."

"चिकट नाही झाली. हातच वाळला आहे. वाळलेल्या हाताची मूठ किती मोठी होणार?"

नंदिकचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याचे डोळे दुसरीकडे गेले. तो म्हणाला, "मी काय करू? मी ठिपके लावणारा. पूर्णक श्रेष्ठींना सांगतो."

आणि त्याने सांगितलं. पण जे सांगायला जड जातं ते माणूस हसत सांगतो. म्हणून तो म्हणाला, "श्रेष्ठी, ऐका गंमत. आमचं गाढव म्हणतं, अनुलामावशी उपाशी आहे."

पूर्णक मनाने वाईट नव्हता. त्याने ताबडतोब शिंग फुंकून सगळी आळी गोळा केली. आपण मदत करणार, तर ती चार लोकांत व्हावी, म्हणजे बाकीच्यांनाही शिकायला मिळेल, असं त्याला मनापासून वाटलं. पन्नास माणसं घेऊन तो मावशीच्या दारापुढे उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "अनुलाबाई, तुम्ही उपाशी आहात असं ऐकलं. खरं असेल तर संकोच करू नका. या सगळ्यांसमोर सांगा. अन्नशाळा तुमचीच आहे."

मावशी बाहेर आली. पाठ ताठ, पदर खांद्यावर नीट.

"कोणाकडून ऐकलंत?"

पूर्णक जरा अडखळला. "हे... गाढव म्हणतं."

"गाढव म्हणतं," मावशी म्हणाली, "आणि तुम्ही त्याच्याशी सल्लामसलत करता? चांगलं आहे. जोडी शोभते."

आळी खो खो हसली. वल्कल नेसलेला पूर्णकही हसला, कारण न हसून भागणार नव्हतं. मावशीने गोणीत मूठ घातली, नंदिकने चौकटीवर ठिपका लावला. लोक पांगले. त्या संध्याकाळी धूसरला चारा मिळाला नाही. चहाडी केल्याबद्दल काठीचे फटके तेवढे मिळाले.

मग बोधिसत्त्वाने दुसरा उपाय केला. रोज मावशीच्या दाराशी आला की तो अंग झाडायचा. गोणीचं तोंड सैल होऊन उंबऱ्यावर पसाभर तांदूळ सांडायचे. नंदिक ओरडायचा, पण गोळा करायला वाकायचा नाही. सांडलेलं तिथेच राहू द्यावं असं त्यालाही वाटत असावं. पण मावशी खाली बसायची. एकेक दाणा वेचायची. बसलेली उठताना चौकट धरायची, आणि वेचलेलं सगळं गोणीत परत टाकायची.

"दानाचं आहे," ती म्हणायची. "दुसऱ्या कोणाच्या पोटात जायचं आहे."

तीन सकाळी असं झालं. तिसऱ्या सकाळी वेचायला तिला इतका वेळ लागला, की शेजारणींनी येऊन तिला हात दिला. दाणे वेचताना एका शेजारणीची बोटं तोंडाकडे गेली आणि मध्येच थांबली. ते धूसरने पाहिलं.

चौथ्या सकाळी आळीच्या तोंडाशी, पहिल्या दाराच्याही अलीकडे, धूसर चारी पाय दुमडून रस्त्यात बसला. नंदिकने आधी शिव्या दिल्या, मग चुचकारलं, मग काठी घेतली. धूसर हलला नाही. त्याचा विचार सरळ होता. आज एकाही दाराशी गोणी गेली नाही, तर एकाही चौकटीवर ठिपका पडणार नाही. सगळ्याच चौकटी कोऱ्या राहिल्या, तर कोण कोणावर हसणार? आज प्रत्येक घराने आपली मूठ आपल्याच चुलीवर ठेवावी. एक दिवस. एवढाच त्याचा हट्ट होता.

लोक काठ्या घेऊन आले. आळीची रीत मोडते म्हणजे काय? बायका आल्या, म्हातारे आले, सगळ्यांनी मारलं. त्या मारावरून धूसरला आळीचं खरं काय ते कळलं. काठ्या त्वेषाने वर जात होत्या आणि अंगावर पडताना अगदी हलक्या पडत होत्या. त्यांच्यात मारायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. एकटी मावशी नव्हती तर. बोधिसत्त्व त्या काठ्यांखाली रडला. लोकांना वाटलं, मार लागला.

एवढ्यात आळीच्या टोकाकडून अनुलामावशी येताना दिसली. गोणी दाराशी आली नाही म्हणून ती गोणीकडे निघाली होती. उजव्या हाताची मूठ छातीशी घट्ट धरलेली, डाव्या हाताने भिंतींचा आधार. अख्खी आळी ती चालून आली. लोक बाजूला झाले.

"ऊठ रे राजा," ती धूसरला म्हणाली. "माझा ठिपका राहिला."

तिने मूठ गोणीकडे नेली, आणि गोणीपर्यंत हात पोचायच्या आत ती धूसरच्या मानेवर कोसळली. पुन्हा उठली नाही.

मग पूर्णक पुढे आला. अशा वेळीही त्याची बोलायची सवय सुटत नव्हती. "शेवटच्या श्वासापर्यंत दान! हे तांदूळ मी स्वतः गोणीत घालतो." त्याने गुडघे टेकून तिची बोटं एकेक करून उघडली.

मुठीत काही नव्हतं.

"सांडले असतील," कोणीतरी म्हणालं. लोक रस्त्याकडे बघू लागले.

"सांडले नाहीत," नंदिक म्हणाला. "दहा-बारा दिवस झाले. मूठ आत जायची, पण दाणे पडल्याचा आवाज यायचा नाही. तुम्ही सगळे आला होतात ना, त्या दिवशीही नाही. मी ठिपका लावत होतो. मला वाटलं... मला वाटलं, मावशीचा मान राखतो आहे मी."

धूसरने मान खाली घातली. गोणी त्याच्याच पाठीवर असायची, आणि एवढे लांब कान घेऊनही त्याला ते ऐकू आलं नव्हतं.

मावशीला अग्नी देऊन सगळे परत आले, तेव्हा पूर्णक म्हणाला, "तिच्या चौकटीवर आपण हळदीचा मोठा ठिपका लावू. पिढ्यान्‌पिढ्या लोक बघतील." नंदिकने हातातलं चुन्याचं मडकं रस्त्यावर आपटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही फोडलं असेल, आणि ते नेमकं श्रेष्ठींच्या पायाशी.

तेव्हा धूसर बोलला. या वेळी लोकांनी ऐकलं. त्यासाठी एका माणसाला मरावं लागलं.

"ठिपके हवे असतील तर लावा," तो म्हणाला. "पण उद्या कोठीतून गोणी भरून न्या. प्रत्येकाने बंद मूठ आत घालावी आणि बंद मूठच बाहेर काढावी. ज्याला सोडायचं त्याने सोडावं, ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. ठिपका दोघांनाही."

"मग कोण देतं आणि कोण घेतं हे कळणार कसं?" पूर्णकने विचारलं.

"कळायचं कशाला?"

पूर्णकने विचार केला, पाठ खाजवली. "बरं. पण मी सांगून ठेवतो, जाते तशी भरलेली गोणी परत येईल. माझ्या आळीत उपाशी कोणी नाही. होती एक, ती गेली."

दुसऱ्या सकाळी नंदिकने नवं मडकं घेतलं. काठ्या हलक्या असल्या तरी पुष्कळ पडल्या होत्या; धूसर मागच्या एका पायाने लंगडत निघाला, तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही. पूर्णक स्वतः मागून चालत होता. पहिल्या दारात बाईने मूठ आत घातली, बाहेर काढली, पदराआड नेली. ठिपका. दुसऱ्या दारात तसंच. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. दर दाराला धूसरची पाठ थोडी हलकी होत गेली. भार उतरला की गाढवाला बरं वाटतं म्हणतात. त्या दिवशी उतरणाऱ्या प्रत्येक मुठीने बोधिसत्त्वाला वाकवलं. चाळीस घरं. आळीच्या टोकाशी अनुलामावशीचं दार बंद होतं. तिथे तो सवयीने थांबला, आणि नंदिकने त्याला ओढलं नाही.

आळी वळून परत आली तिथे शेवटचं घर पूर्णकचं. माडी असलेलं, मोठ्या चौकटीचं. गोणी पार तळाला गेली होती. पूर्णक तिच्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

त्याची बायको शोभिता दारात आली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. तिने गोणीत हात घातला. या वेळी धूसरने दोन्ही कान मागे वळवले.

दाणे पडल्याचा आवाज आला नाही. तळ चाचपल्याचा आला. मग हात बाहेर आला, बंद, आणि बोटांच्या फटीतून एक दाणा उंबऱ्यावर पडला.

पूर्णकने तो पाहिला. तो वाकला, दाणा उचलला, आणि कोणी बघत नाही अशा बेताने बायकोच्या मुठीत सरकवला. नंदिकने चौकटीवर ठिपका लावला.

पुष्कळ जन्मांनंतर ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे धर्म शिकवणाऱ्या गुरूंनी, एका गावच्या अन्नसत्रात सांगितली. तिथे पंगत बसण्याआधी दात्यांची नावं पुकारायची पद्धत होती, आणि कोणाचं नाव आधी यावं यावरून दोन मोठ्या घरांत भांडण लागलं होतं. पेज निवत होती. गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "तेव्हाचा नंदिक म्हणजे आज इथे पळी घेऊन उभा असलेला हा भिक्षू सुदंत. तेव्हाचा पूर्णक म्हणजे पुढच्या आसनावर बसलेले तुमचे मुख्य दाते. त्यांनी रागावू नये, शेवटी तो दाणा त्यांनीच उचलला होता. शोभिता तेव्हाही त्यांची बायको होती, आताही आहे. आणि लंगडं गाढव धूसर, तो मीच."

"आणि अनुला, भंते?" कोणीतरी विचारलं. "ती आता कोण आहे?"

शास्ता म्हणाले, "ते विचारू नका. ती इथेच बसली आहे, आणि आजही तिने काही खाल्लेलं नाही. मी नाव घेतलं तर ती उद्यापासून यायची नाही."

मग त्यांनी या गोष्टीतल्या गुणाचं नाव सांगितलं, अनुकंपा. त्या दिवशी नावं न पुकारताच पंगत बसली. सुदंत पेज वाढत गेला, आणि वाढताना त्याने एकदाही मान वर केली नाही.